टेकायला जागा

१८ मे १९९८
लग्नाची धांदल सरली, आज निवांत लिहायला बसले. सासर आवडलं. शाहूपुरीत खाली जुन्या फर्निचरचं दुकान, वर आमचं घर. शिसवी कपाटं, आरामखुर्च्या, बिलोरी आरसे आणि जिन्यापर्यंत पॉलिशचा वास. सासऱ्यांनी, भरमाप्पांनी, हौसेनं एकेक वस्तू दाखवली. शाहूवाडीकडच्या एका पलंगावर हा धंदा उभा राहिला, म्हणाले. तेव्हा हे, म्हणजे संगमेश, रांगत होते म्हणे.

२० ऑक्टोबर
शाहूवाडीहून निरोप आला, चिमणाबाई वारली. सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. सासूबाईंनी भाकऱ्या थापताना सगळं सांगितलं. तो पलंग चिमणाबाईचा. दिरानं परस्पर विकलेला. तिचा नवरा अर्धांगवायूनं त्यावरच पडून होता. सासऱ्यांच्या सांगण्यावरून हमालांनी त्याच्या काखेत हात घालून उचललं, ओल्या भुईवर ठेवलं आणि पलंग नेला. नवरा त्याच आठवड्यात गेला. चिमणाबाई भर दुकानात येऊन ओरडली होती, "माझ्या मालकास्नी टेकू दिलं न्हाईस! मी मेल्यावर बघ, तुझ्या घरात कुणालाच टेकू देत न्हाय!"

२३ ऑक्टोबर
सासरे खुर्चीत बसले आणि ताडकन उठले. कुणीतरी काखेत हात घालून उचललं, म्हणाले. मग बाक, दिवाण, जिन्याची पायरी. सगळीकडे तेच. गिऱ्हाईकं मात्र खुशाल बसत होती.

२७ ऑक्टोबर
अजून उभेच. पाय सुजून काळेनिळे. आम्ही सगळ्यांनी धरून आडवं करायला बघितलं, तर अंग वर खेचलं जातं. हात जोडून चिमणाबाईची माफी मागत होते. कुणाकडे बघून, कळलं नाही.

२९ ऑक्टोबर
सासरे गेले. उभ्या उभ्याच.
आमच्या लिंगायतांत बसवून माती देतात. गुडघे वाकेनात. शेवटी खड्डाच खोल खणला—

१ नोव्हेंबर
सासूबाई भिंतीला धरून उभ्या. सकाळपासून हेसुद्धा. मला म्हणाले, माहेरी जा, तू आत्ता आल्याली, भाईरचीच हाईस, तुला काय व्हायचं न्हाय.
मी बाहेरची. पण पोटातलं?

२ नोव्हेंबर, हातकणंगले
एसटीत गर्दी, उभीच आले. आईनं पाट मांडला. बस की गं, म्हणते. वाकले—
काखेत गार बोटं. आईला दिसत नाहीत— वही भिंतीला लावून लिहितेय— पुन्हा वर ओढतेय— चिमणाबाई, ह्या लेकरानं तुझं काय—