सोनगीर ते बोदवड, कागदपत्रांसह

९ जून २०२५, सोमवार
लिहायला फार उशीर झाला, माफी. खतवाल्याने ही डायरी जानेवारीत दिली होती. पण जानेवारीतच अपघात झाला, आणि पहिल्या पानावर वाईट बातमी नको म्हणून थांबलो. आता बातमी चांगली आहे. मी ठरवलं आहे.

अपघात थोडक्यात. हायवेच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. उभीच होती, पण अचानक उभी होती. माझी मोटारसायकल तिच्यावर गेली. मला खरचटलं. मागे बसलेल्या झुंबरबाईचा हात मोडला. विमावाल्यांनी गाडी ‘टोटल लॉस’ लिहिली, आर.सी. रद्द झाली, सांगाडा माझ्याकडे राहिला. झुंबरबाई आमच्या मुलीकडे, दिपमालाकडे, बोदवडला गेली. जाताना म्हणाली, “गाडीना बठ्ठा कागद करा, मंग मी येसू.” म्हणजे सगळे कागद झाले की येणार. पन्नास वर्षांच्या संसारात ती आठ दिवसांवर कुठे राहिली नव्हती. आता पाच महिने झाले.

संकल्प : एका महिन्यात गाडी कायदेशीर. तिला गाडीवरूनच आणायचं.

११ जून
भिकन मिस्तरीने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, “आबा, हाई गाडी नही, भंगार शे.” त्याची सवयच तशी. स्वतःच्या लग्नातही तोंड पाडून बसला होता. काम दिलं.

१४ जून, पहाटे
झोप नाही. सांगाडा सरळ झाला नाही तर? सरळ झाला आणि आर.टी.ओ.च्या साहेबांना वाकडा दिसला तर? कडी तीनदा तपासली. गाडी कोण चोरणार, चाकं भिकनकडे आहेत.

२० जून
धुळ्याला जाऊन आलो. आर.टी.ओ.बाहेर कुंदन एजंट बसतो. त्याने माझं वय विचारलं. शहात्तर सांगितलं. तो म्हणाला, “नाना, नातवाला शिकवा, मागे बसा.” मी विषय बदलला. मग त्याने कामाचं सांगितलं : गाडीच्या चेसिसवर नंबर कोरलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायची, आकडे उमटले की तो कागद फाइलला लागतो. त्याशिवाय फाइल हलत नाही. नंबराजवळचं ग्रीस तेवढं पुसून आणा, बाकी कशाला हात लावू नका, असं दोनदा म्हणाला. माणूस जपून वागणारा दिसतो.

२ जुलै
गाडी सुरू झाली! धूर जरा जास्त. शेजारच्या सुनंदाबाईंनी वाळत घातलेले कपडे आत नेले आणि दार लावलं.
दिपमालाला फोन केला. ती म्हणाली, आबा, भेटायला बसने या ना, तुम्हाला तिकीटही लागत नाही. बसने गेलो तर झुंबरबाईला वाटेल, हा रिकाम्या हाताने आला. आईचा हात बरा आहे, गल्लीतल्या बायकांना पापड शिकवते, खुशीत आहे, असंही म्हणाली. बापाला काळजी नको म्हणून पोरी असं बोलतात.

७ जुलै
उद्या तपासणी. नंबराजवळचं ग्रीस पुसलं. खाली गंज निघाला. चाळीस वर्षं मी सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी उजळली, डाग ठेवून माल कधी दिला नाही. रॉकेल लावलं. मग पॉलिश पेपर, मग बारीक पॉलिश पेपर. दोन तास गेले. हँडलखालचा भाग असा झाला आहे की त्यात बघून दाढी करावी. साहेब खूष होणार.

८ जुलै, धुळे
भिकनने गाडी टेम्पोत घालून आणली. कुंदनने कागद ठेवून पेन्सिल फिरवली. कागद काळा झाला. दुसरा घेतला. तोही काळा. कुंदन खाली बसला. “नाना, काय केलंत?” मी म्हणालो, उजळलं. भिकन टेम्पोत जाऊन बसला.
साहेब शांत होते. म्हणाले, नंबर घासलेली गाडी आम्हाला चोरीचीच धरावी लागते. मी म्हणालो, आकडे आत असतील, हात लावून बघा. त्यांनी हात लावला. भला माणूस. मग पोलिसांकडून चौकशी होईपर्यंत गाडी आवारातच ठेवून घेतली. एका अर्थी बरं झालं. घरी उंदीर सीट कुरतडत होते.

१५ जुलै
कुंदन फोन उचलत नाही. कामात असेल, आमच्याच.

२४ जुलै, गुरुवार
बोदवडहून पाकीट आलं. वाटलं, झुंबरबाईने काही लिहवून घेतलं. आत छापील अर्ज होता. आमच्या रेशनकार्डातून तिचं नाव कमी करून दिपमालाच्या कार्डात घालायचं आहे. कार्ड माझ्या नावावर, म्हणून सही माझी लागते. दिपमालाने पेन्सिलने फुली करून ठेवली आहे, सही इथे करा. शेजारी झुंबरबाईचा अंगठा आहे, नीट उमटलेला.

सही केलेली नाही. पेन अडखळत होतं. तिने रागात अंगठा दिला असेल. कशावर देते ते तिला कुणी सांगितलं नसेल. दिपमाला, एकदा तिला सगळा अर्ज सावकाश वाचून दाखव, आणि ती काय म्हणते ते लवकर कळव. फोन उशाशी ठेवतो. येत नाही म्हणाली, तरी कळव.