गुडघे टेकणारं विमान

शारजा, १० मार्च १९९६

प्रिय गंधार,

म्हणजे अजून तुझं तेच. पत्राच्या शेवटी पुन्हा लिहिलंसच, की काही म्हण महेंद्र, ट्रायस्टारसारखं विमान झालं नाही आणि होणार नाही. अरे, तू ते कागदावर बघितलंस. मी त्याच्या पोटात शिरून पेट्या रचतो. त्याच्या शेपटातल्या इंजिनाची तऱ्हा तूच मला शिकवली होतीस, की हवा वर घ्यायची शेपटाच्या मुळाशी आणि सोडायची खाली बुडाला, मधे नळी नागासारखी वळलेली. इथं डीसी-टेन पण येतं. तेही तीन इंजिनांचंच, पण त्याच्या शेपटातली नळी बंदुकीसारखी आरपार सरळ. तुला ते कधी आवडलं नाही. वर एक घ्यायचं आणि वळसा घालून भलतीकडूनच काढायचं, हेच तुला का गोड वाटतं ते मला पाच वर्षांमागं कळलं.

बाकीची विमानं विचारलीस म्हणून सांगतो. रशियाची लई येतात. इल्युशिन शहात्तरला नाकाखाली काचेची खोली असते, त्यात रस्ता बघणारा माणूस बसतो, रॉकेलच्या कंदिलात किडा बसल्यासारखा. सेव्हन थ्री सेव्हनच्या नव्या इंजिनाचं तोंड खालून चपटं आहे. विमानच बुटकं, गोल तोंड जमिनीला घासलं असतं, म्हणून चेपून ठेवलं. इल्युशिन शहाऐंशीची गंमत मला सगळ्यात आवडते. त्यात माणसं जमिनीवरूनच त्याच्या पोटात शिरतात, आपलं बोचकं स्वतःच्या हातानं खाली ठेवतात आणि मग आतल्या जिन्यानं वर बसायला जातात. दाराशी चपला काढून घरात गेल्यासारखं. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो, आणि मग एकदम तुमचा माडीचा जिना आठवला. तुमच्या दाराशी मी चपला कधी काढल्या नाहीत. सदऱ्याच्या आत घालून वर यायचो, म्हणजे तुझ्या आत्याला दाराशी परकं पायताण दिसायला नको. तूच सांगितलं होतंस तसं करायला. मला त्यात काही वाटायचं नाही. वर तुझ्या मामांनी मुंबईहून आणलेले विमानांचे इंग्रजी अंक असायचे, तू वाचून सांगायचास, मी सातवीपर्यंतचा माणूस चित्रात नाक खुपसून बसायचो. एकच सतरंजी. शेंगदाणे पण एकाच वाटीतले.

त्याच सतरंजीवर ते पान निघालं. आंतोनोव. जगातलं दांडगं मालाचं विमान, चोवीस चाकांचं, नाक वर उचलून जबडा उघडतं आणि पुढची चाकं मुडपून खाली बसतं, म्हणजे माल थेट आत ओढता यावा. तू खालची ओळ बोट ठेवून दोनदा वाचलीस. मी म्हणालो, गंध्या, हे माझं विमान. तू म्हणालास, घे, तुला दिलं. आठवतं का?

त्यानंतरचंही सांगतो, कारण चार पानी पत्रात तू त्याचा एक शब्द लिहिला नाहीस. पोळ्याचा आदला दिवस. पुंजारामाच्या सलूनपुढं गर्दी, बाकावर तू नंबर लावून बसलेला. मी रस्त्यानं चाललो होतो. आमच्या भीमनगरातल्या कुणाचं डोकं तिथं होत नव्हतं, आम्ही कोपरगावला जायचो, हे तुला सांगायला नको. गोरक्षनाथ बैलांच्या शिंगांचा रंग घेऊन उभा होता. त्यानंच हाक मारली, ए ईमानवाल्या, आज काय उडवलं? आणि मी मूर्ख, उत्साहानं आंतोनोवचं सांगायला लागलो. सगळे खदखदले. गोरक्षनाथ म्हणाला, ईमान हाय का उंट रं? आमचा बैल ओझ्याला खाली बसंना अन् ह्याचं ईमान बसतंय! लागली पैज. खरं निघालं तर त्याची मिशी, खोटं निघालं तर माझी. आता ठरवणार कोण? गुरुजींचा गंधार हाय की, तो इंग्रजी वाचतो.

मी हसत होतो गंधार. मला वाटलं, गोरक्षनाथाची गेली आता. तू एकदा माझ्याकडं बघितलंस, एकदा बाकावरच्या माणसांकडं, आणि म्हणालास, असं विमान नसतं.

मी तुला म्हणालो नाही, की अरे आपण दोघांनी बघितलं. म्हणू शकलो असतो. पण त्याच्या पुढचा प्रश्न मलाही ऐकू येत होता आणि तुलाही. कुठं बघितलं? कुणाच्या घरात? हा तुमच्या माडीवर कसा? मी तुला वाचवायला गप्प बसलो, आणि तू स्वतःला वाचवायला बोललास.

पुंजारामाच्या त्या खुर्चीत भीमनगरातला पहिला माणूस मी बसलो, तो असा. दोघांनी खांदे धरले होते, तशी गरज नव्हती. पुंजारामानं मान वर केली नाही. आणि झाल्यावर तू पुढं आलास, पुंजारामाच्या हातात दोन रुपयांची नोट ठेवलीस आणि म्हणालास, महेंद्रचे माझ्याकडून. वस्तऱ्यानं नाही तेवढं त्या नोटेनं कापलं.

घरी गेलो तर आई चुलीपुढं होती. तिनं बघितलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून उठली. म्हणाली, अरं बाप जित्ता असताना मिशी कशी काढली? बाप गेल्यावर मिशी उतरवायची हे आम्ही कधीच सोडून दिलंय, पण आईच्या काळजातून निघायला वेळ लागतो. बाप जित्ता आहे हे डोळ्यांनी बघेपर्यंत, दादा कारखान्यातून येईपर्यंत, ती दारात बसून राहिली. ते सायकलवरून उतरले तेव्हा कुठं रडली. त्या दिवसापासून गावानं मला उंट म्हणायला सुरुवात केली. शाळेतली पोरं, किराणावाला, दादांच्या पाळीतली माणसंसुद्धा. दादांचं नाव लावून, कचरूचा उंट. मी गाव सोडलं ते पोटासाठी, असं सगळे म्हणतात. तू तसं म्हणत नसशील.

मागल्या जूनमध्ये दादा गेले. पासपोर्ट कंपनीकडं, सुट्टी नाही, तार मिळाली तेव्हा सगळं उरकलं होतं. खोलीत बाकीचे झोपायला गेले आणि मी आरशापुढं उभा राहिलो. काही करावंसं वाटत होतं आणि करायला काही नव्हतं. दादांच्या वाटचं तर तुम्ही आधीच उतरवून घेतलं होतं.

आणि आता तुझं पत्र येतं. तू हायस्कुलात सर झालास, एप्रिलात विज्ञान प्रदर्शन आहे, आणि महेंद्र, तू तिथं आहेसच तर त्या गुडघे टेकणाऱ्या आंतोनोवचा एखादा फोटो पाठव, मुलांना नवल वाटेल. असं लिहिलंस! शाई पण फुटली नाही कुठं. मे महिन्यात लग्न आहे म्हणतोस, वाग्दत्त वधू प्रणिता, सोबत तुझा फोटो. मिशी चांगली जाड ठेवलीस. शोभते.

तर ऐक. फोटो मी काढलाय. आंतोनोव खाली बसलेलं, जबडा उघडा, आणि त्याच्या पुढ्यात मी, मिशीसकट. त्या विमानाच्या एका रशियन माणसानं काढून दिला, त्याला मी आईच्या लोणच्याची अख्खी बरणी दिली. पण तुला नाही पाठवला. जानेवारीतच पुंजारामाला पाठवला, आरशाच्या चौकटीत लावायला. तुझं डोकं आता कोपरगावला होतं असं ऐकलं, म्हणून तुला पत्ता नाही. माझ्या बहिणीनं, प्रज्ञानं लिहिलंय, गाव येऊन बघून गेलं. गोरक्षनाथ पण आला. फोटो खाली काढला, उलटून बघितला, परत लावला, आणि खुर्चीत बसला. पुंजारामाला म्हणाला, घे. सगळ्यांदेखत उतरवली. उठताना एवढंच विचारलं, सर कधी येत्यात?

त्याचा आणि माझा हिशेब मिटला. त्याला माहीत नव्हतं, त्याला माफ. तुला माहीत होतं. तेव्हा प्रदर्शनाच्या आधी, लग्नाच्या आधी, एका बाजाराच्या दिवशी त्या खुर्चीत बस. फोटो समोरच असेल. वस्तरा लागण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, की हे विमान मी बघितलं होतं, आमच्या माडीवर, महेंद्रबरोबर, एका सतरंजीवर. मग घरी जा. तुझे वडील, गुरुजी, सुखरूप असताना दारात तुझी आई काय विचारते ते ऐक, आणि तिला काय उत्तर दिलंस ते मला कळव. दुसरा फोटो माझ्याकडं तयार आहे, उत्तर आलं की प्रदर्शनाला पाठवतो. नाही आलं तर त्याची मोठी प्रत काढून तुझ्या मांडवात आहेर म्हणून येईल, मागं सगळं लिहून. माझी मिशी झाली तेव्हा पैसे तू दिले होतेस. तुझ्या मिशीचे माझ्याकडून. तशीच नोट गाव सोडल्यापासून जपून ठेवली होती, मागं आर्यभट्ट उपग्रहाचं चित्र असलेली. तुला ओळखू येईल.

अजून तरी तुझाच,
महेंद्र

सोबत : दोन रुपये.