आबांचा आवाज

बुधवार, इस्लामपूर

आज सांगलीला आईच्या कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट सुरू केलं. ऑपरेशन होऊन महिना झाला. वय शहाऐंशी. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, पहिले काही महिने सगळ्यांचे आवाज सारखेच, पत्र्यावर वाजल्यासारखे वाटतील. घाई करू नका. मी ऐकलं का? नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "त्येंचा आवाज लाव की." आबांना जाऊन चार वर्षं झाली. त्याआधीच तिचे कान गेले होते. आबांचं बोलणं माझ्या फोनमध्ये जपलेलं आहे, ते लावलं. तिनं फोन कानामागच्या यंत्राजवळ धरला, डोळे मिटले.

"व्हय, त्येच हायत. लय दमल्यागत बोलत्यात," म्हणाली आणि रडली.

फोन परत घेतला तेव्हा दिसलं. गडबडीत मी ट्रॅक्टरवाल्याचा निरोप लावला होता. नांगरट परवा करतो म्हणून.

सांगायला हवं होतं. डोळे मिटून, फोन धरून ती कशी बसली होती...

आता आबांचा खरा आवाज लावायची भीती वाटते. तो ऐकून तिनं विचारलं, "ह्यो कोण?" तर?