अधिकच्या खुणेखाली

विस्कॉन्सिन, फेब्रुवारी १९८५

प्रिय मारित,

तुझं पत्र आणि तू शिकवायला जाणार त्या केनियातल्या शाळेचा फोटो मिळाला. बाबांनी तो फ्रिजवर लावलाय, येईल त्याला दाखवतात. इथे अजून गुडघाभर बर्फ आहे. रविवारी चर्चमधून आल्यावर मी बटाट्याचे लेफ्से लाटले, तव्यावर टाकताना पहिलाच फाटला. बाबा म्हणाले, "डार्लिंग, फाटका माझा." शेजारच्या लुंडीनबाई बसल्या होत्या. "एवढ्या वर्षांनी डार्लिंग! आमचे हे तर नुसते खाकरतात." मीही हसले.

बाबा दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढेच असतात. नाताळात तू तो मुद्दे मांडायचा प्रोग्रॅम शिकवलास, तेव्हा केवढे कुरकुरले होते! "तीस वर्षं इतिहास शिकवला, आता हा डबा मला मुद्दे काढायला शिकवणार?" मग तू दाखवलंस की मथळ्याखालचा सगळा मजकूर एक कळ दाबली की मिटतो, पुन्हा उघडतो, खाली काही असलं की मथळ्यापुढे अधिकची खूण, नसलं की उण्याची. झालं, तेव्हापासून खुळावलेत. खोऱ्यातल्या चीज-कारखान्यांचं पुस्तक, चौदा प्रकरणं, पडद्यावर ओळीने मिटलेली, प्रत्येकापुढे अधिक. परवा फोनवर तुला ऐटीत म्हणाले, "पुस्तक झालंच समज. तू निर्धास्त जा." तू सोडलेला सुटकेचा श्वास मला स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर ऐकू आला.

मंगळवारी ते केस कापायला गेले असताना प्रकाशकांकडून फोन आला, एखादं प्रकरण तरी पाठवा म्हणून. मी चौथं उघडलं. खाली एकच ओळ, तीही कोरी. पाचवं उघडलं, तेच. पहिली तीन भरलेली आहेत. पुढे प्रत्येकाखाली एकेक कोरी ओळ, अधिकची खूण दिसावी म्हणून मुद्दाम टाकलेली. मी सगळं होतं तसं मिटवून ठेवलं. ते आल्यावर विचारलं, "चौथं पाठवू या का?" माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आत आहे गं सगळं. आत्ता उघडायचं नाही, एवढंच."

डॉक्टरांचं नाव काढलं की कोट घालून बाहेर पडतात. पण सकाळी कॉफी पिताना तेच चौथं प्रकरण, म्हातारा ओलाव आणि त्याची तांब्याची कढई, असं सांगतात की तापल्या दुधाचा वास यावा. टाइप करायला बसले की सगळं जातं. माझ्या दोन बोटांनी त्यांचं बोलणं पकडलं जात नाही. तुझ्या दहा बोटांनी जाईल. तुझं विमान मार्चअखेरचं आहे, ठाऊक आहे मला. तरी शाळेला विचार, उन्हाळ्यापर्यंत थांबतील का. मी लिहिलंय हे बाबांना कळू देऊ नकोस, सहज आले म्हण. आणि मारित, नाताळानंतर त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही, डार्लिंगच म्हणतात. तुझं नाव मात्र फोटो दाखवताना रोज घेतात. घेताहेत तोवर ये.

तुझीच,
आई