सतरा अपडेट बाकी

मंगळ. ८ एप्रिल
मसाल्याचा सीझन. शुभाताई सकाळपासून लालबागला, मसाला कुटायच्या डंखावर नंबर लावून. आम्हा जावा-जावांचं ऑनलाइन दुकान. तिचा हात मसाल्यात, माझा कीबोर्डवर. ऑर्डरी, पत्ते, वेबसाइट माझ्याकडे. वेबसाइट उघडली की आत लाल आकडा : सतरा अपडेट बाकी. मे संपला की करू. गेल्या वर्षीही हेच म्हटलं होतं. मागे एकदा केलं तर दोन दिवस दुकान उघडेना, तेव्हापासून हात लावायची भीतीच बसलीय.

गुरु. १०
नाशिकच्या बाईंचा फोन, दरवर्षीचं गिऱ्हाईक. "अहो, तुमच्याकडे कार्डाचा नंबर दोनदा का विचारतात?" म्हटलं, नाही हो, एकदाच. मग स्वतः ऑर्डर टाकून पाहिली. पैसे भरायच्या आधी आणखी एक पान, कार्डाचा नंबर मागणारं. आपलाच लोगो, आपलाच रंग. मी बनवलेलं नाही.
लगेच उलटा फोन केला. बाईंना म्हटलं, आधी कार्ड ब्लॉक करा.
दुकान बंद केलं. ताईला सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे.

शुक्र. ११
होस्टिंगवाल्यांशी चॅट, तीन तास. वेबसाइटला पैसे भरायचं जे प्लगइन जोडलंय, त्याच्या जुन्या व्हर्जनमधून कुणीतरी घुसलं. नवीन व्हर्जन दीड वर्षापूर्वीच आलंय. खोटं पान आठ दिवस होतं. त्या आठ दिवसांत ज्यांनी ऑर्डर टाकली त्यांची यादी काढली. एकतीस नावं.
ताई दोनदा डोकावून गेली, "चालू झाला काय?" होईल म्हटलं. तिच्याकडे बघवलं नाही.

शनि. १२
सांगितलं.
ताई गच्चीत बेडगी मिरची पसरत होती. मीही देठ मोडायला बसले आणि सगळं बोलून टाकलं. सर्व्हरचं खोटं होतं, तेही.
"तुका ठावक होता, अपडेट करूक व्हया म्हणान?"
"हो."
"कधीपासून?"
"दीड वर्ष."
तिने हातातलं सूप रिकामं केलं, दुसरं ओढलं. मीच म्हटलं, लोकांना कळवलं तर ऐन सीझनमध्ये...
"सीझन पुढच्या वर्षी परत येतलो. सगळ्यांका फोन कर. आजच."

रवि. १३
काल-आज फोनच. ताई शेजारी बसून, स्पीकर लावायला लावला. बहुतेकांनी ऐकून घेतलं. ठाण्याचे एक काका भडकले, "एवढं सांभाळता येत नाही तर ऑनलाइन विकता कशाला?" ताई फोनजवळ वाकून म्हणाली, "चुकला आमचा."
आमचा म्हणाली.
कल्याणच्या एक बाई फोन उचलत नाहीत. मेल टाकला.

बुध. १६
जुनं सगळं पुसून नव्याने बसवलं. पासवर्ड बदलले. या वेळी आधी दुकानाची नक्कल वेगळ्या पत्त्यावर उभी केली, अपडेट तिच्यावर करून पाहिले, मग खऱ्यावर. अर्ध्या दिवसाचं काम. यालाच घाबरत होते.

शुक्र. १८
दुकान उघडलं. काय झालं ते पहिल्याच पानावर. मी लिहिलं होतं, 'तांत्रिक अडचणीमुळे'. ताईने वाचून बोट ठेवलं, "अडचण नको. चूक लिही." लिहिलं.
दुपारपर्यंत दोन ऑर्डरी. या दिवसांत इतक्या कमी कधीच नसतात. कल्याणचा फोन आजही नुसता वाजतोय.
चहा घेताना ताई म्हणाली, "त्या वेबसाइटचो पासवर्ड माका लिवन दी." इतक्या वर्षांत कधी मागितला नव्हता. माझ्यावरचा भरवसा उडाला, की ओझं वाटून घ्यायचंय? चेहऱ्यावरून कळेना, आणि विचारायचा धीर होईना. मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तिने चष्मा लावला, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत गेली, मध्येच थांबली.
"ह्यां काय? शून्य की ओ?"
"शून्य."