बॅटरीचा घेर

२० सप्टेंबर, सकाळी ७
बायकोने, राजनंदिनीने, इलेक्ट्रिक स्कूटी घेतलीच. पिंगळीच्या शाळेत शिकवायला जाण्यासाठी आता ऑटोवाल्यांच्या मिनतवाऱ्या बंद, म्हणाली. बॅटरी काढून घरात चार्ज करायची असते, हे गाडी दारात आल्यावर कळलं. मोबाइलवर स्फोटाचे चार व्हिडिओ पाहिले. मी घाबरलेलो नाही. घरातला कर्ता पुरुष म्हणून सावध आहे, एवढंच.

२२ सप्टेंबर
पावसाने व्हरांडा गळतोय, त्यामुळे बॅटरी हॉलमध्ये. मी स्वयंपाकघरात. मध्ये वाळूची बादली. संकल्प : मोबाइल कायम शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा. वेळ आली तर अग्निशमनवाल्यांना तात्काळ फोन. मोबाइलचं मागचं झाकण नीट बसत नाही, म्हणून रबर लावलं. सहा वर्षांत झाकण सैल होतं म्हणजे काय! कंपन्यांना लाज नाही.

२४ सप्टेंबर
मेकॅनिक आश्रुबाकडे सहज चौकशी. तो म्हणाला, आतले कण चार्जिंगला इकडून तिकडं जातेत, गाडी चालवली की वापस येतेत. ऊसतोडीच्या टोळीवानी. जाणं-येणं नीट असलं तर भ्यायचं कारण न्हाई. जुनी बॅटरी मात्र आत गॅस धरते, पोट फुगतं, तवा लय जपायचं.
पोट फुगतं! येताना शिंप्याची टेप घेतली.

२५ सप्टेंबर, सकाळी ६
बॅटरीचा घेर मोजला. सत्तर सेंटिमीटर. टेप दोनदा सुटली, थंडीमुळे.

२६ सप्टेंबर
घेर सत्तर. पण छातीत डावीकडे गरम गरम वाटतंय. दवाखान्यात गेलो. ईसीजीसाठी शर्ट काढला आणि लगेच बरं वाटलं. मला दवाखान्याची हवा मानवते. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली. शर्ट घातला, पुन्हा गरम. मरणाची भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही.

२९ सप्टेंबर
चार्जर गुणगुणत होता. गुपचूप प्लग काढला. चाळीस टक्के पुष्कळ झाले. राजनंदिनीने घाईत बघितलं नाही. येताना स्कूटी पिंगळी रस्त्यावर बंद पडली. तिने पावसात ढकलत आणली. पुन्हा असं झालं तर माहेरी राहून शाळा करीन, असं रात्री भाजी चिरताना म्हणाली. विळी जोरात चालत होती.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा. बॅटरीला हळदकुंकू मी उंबऱ्यातूनच वाहिलं, झेंडू अंदाजाने फेकला. भक्ती अंतरावर अवलंबून नसते. माझं हत्यार म्हणजे मोबाइल. त्याला कुंकू लावताना मागचं झाकण उचलल्यासारखं वाटलं. आणखी एक रबर चढवलं. बॅटरीचा घेर सत्तरच. लबाड आहे, मोजताना श्वास धरते.

३ ऑक्टोबर, ऑफिसात, दुपारी ४
सकाळी राजनंदिनी म्हणाली, चला, आश्रुबासमोर सोक्षमोक्ष लावू. त्याने बॅटरीला मीटर लावला. ठणठणीत हाय, म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. व्हिडिओ दाखवायला मोबाइल काढला.
आश्रुबा दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, साहेब, फुगलेली बॅटरी छातीवर घेऊन हिंडायलाव की तुमी! हळू ठिवा खाली. मग चिमट्याने उचलून त्याने मोबाइल गॅरेजमधल्या वाळूच्या बादलीत पुरला. दोन मिनिटांनी वाळूतून धूर आला. अकरा दिवस ते माझ्या काळजाला चिकटून होतं. खरंच भ्यालो. राजनंदिनी हसली नाही. तिचाही चेहरा पांढरा पडला होता. तिने माझ्या खिशातली टेप काढून घेतली.
छातीतलं गरम वाटणं साफ गेलंय. गोळी लागू पडली म्हणायची.
तिने मला ऑफिसला सोडलं. बॅटरी सीटखाली, मी सीटवर. दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले होते, तोल जाऊ नये म्हणून. ऑफिस आलं तेव्हा म्हणाली, अहो, सोडा आता, शाळेला उशीर व्हायलाय. गाडी केव्हाच थांबली होती.