बालवाडीची किल्ली

बाबा, काल मी बालवाडीची किल्ली देऊन टाकली. घरी आल्यावर सवयीने हात कमरेला गेला आणि तिथे काहीच लागेना, तेव्हा तुझी अशी आठवण आली की चुलीवरचा चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. घरात आपण कोकणीच बोलायचो, पण लिहायचं म्हटलं की माझ्या हाताला शाळेतली मराठीच येते. तू चिडवायचास, "चेडूं आमचें, अक्षर मास्तराचें." पोर आपली, अक्षर मास्तरांचं. म्हणून हे असं मास्तरांच्या अक्षरात लिहिते आहे. मनात जे आहे ते आपल्या वाड्यावर कोणाला सांगण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात साखळी गावात दोन दिवसांचं शिबिर होतं. आपल्यासारख्या आदिवासी समाजात ज्या लहान लहान संस्था काम करतात, कोणी बालवाडी चालवतं, कोणी आजाऱ्यांना इस्पितळात पोचवतं, त्यांच्या पुढाऱ्यांना कारभार शिकवायचा होता. मी कुरकुरतच गेले. आपल्या गावडा समाजाला कारभार शिकवणारे हे कोण, असा माझा ताठा. शिकवणारा मुलगा काणकोणकडचा निघाला, वेळीप समाजातला, आपल्यातलाच. त्याने फळ्यावर काही लिहिण्याआधी विचारलं, "तुमचे जाणते निर्णय कसे घ्यायचे ते सांगा." मग काय, मला तोंडच फुटलं. मी मांड सांगितला. गावाची ती पवित्र जागा, चपला बाहेर काढून बसलेली माणसं, आणि आमचा बुदवंत, गावच्या जाणत्यांतला एक, म्हणजे माझा बाप उभा राहून ठरलेली गोष्ट सांगतो आहे. सांगून झाल्यावर तू तीनदा विचारायचास, "कोणाक कितें सांगपाचें आसा?" कोणाला काही सांगायचं आहे? दर वेळी विचारून थांबायचास, पार अवघडल्यासारखं होईपर्यंत थांबायचास. एकदा मी पाण्याची कळशी घेऊन आले होते, आणि सगळे गप्पच आहेत तर उगाच कशाला ताटकळत ठेवतोस, असं घरी आल्यावर म्हणाले. तू जेवता जेवता हात थांबवलास. "ओगी रावप म्हळ्यार हय म्हणप न्हय गो. मनीस भियेवनूय ओगी रावता." गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, माणूस घाबरूनही गप्प बसतो. इतकं हळू बोलून तू मला कधी रागावला नव्हतास, म्हणून ते जास्त लागलं.

त्या मुलाला हे फार आवडलं. सगळ्यांकडे बघून म्हणाला, याहून चांगलं मी काय शिकवणार. मी फुगले. मग त्याने साध्या आवाजात विचारलं, "आणि विचारणारा माणूसच नसला तर?" माझ्या शेजारी धारगळच्या बाजूची एक धनगर समाजातली बाई होती, तोंडाने मोठी फटकळ. ती खुर्चीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "आमचो अध्यक्ष मेल्याबगर कदेल सोडिना." सगळे हसले. मीही हसले आणि बोलून गेले, "आमच्यान मेल्यारूय सोडूंक ना." पुन्हा हशा झाला. मला मात्र 'मेल्यावरही सोडली नाही' हे वाक्य तोंडातून निघाल्यावर पुढे हसता आलं नाही.

कारण ते खरं होतं, बाबा. बालवाडी तू सांभाळायचास, आणि तू गेलास तेव्हा तिची किल्ली तुझ्या करगोट्याला होती. आईने ती सोडवून घेतली आणि तुझा फोटो लावला त्याच खिळ्याला अडकवली. सुतक फिटलं. बुदवंतांतले बाकीचे घरी आले, ओट्यावर बसून चहा प्यायले, खिळ्याकडे बघितलं, काजूला मोहोर कसा आहे ते बोलले आणि गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. विधवा बाईकडे किल्ली मागायची कशी? आणि तुझ्या जागी उभं राहून मांडावर ते तीनदा विचारायचं कोणी? तुझ्या मानासाठी सगळे थांबले. आईसुद्धा थांबली होती. पुढे कधीतरी म्हणाली, "कोणें मागली आसती, तर हांवें दिली आसती." त्यांनी मागितली नाही, हिने दिली नाही, आणि तू तर फोटोत. बालवाडी वर्षभर बंद राहिली.

शेजारची एक मुलगी होती, चारेक वर्षांची. तिची आई पहाटेच काजूच्या बागेत कामाला जायची. ही आपली थाळी घेऊन बालवाडीच्या पायरीवर येऊन बसते. मी न्हाणीकडे जाताना बघते, ती बसलेली. परतताना बघते, तशीच. ऊन पायरीवर आलं की सरकून सावलीत बसते. दार बंद आहे हे तिला कोणी समजावून सांगितलंच नसावं, किंवा सांगितलं असेल तरी तिला पटलं नसावं. शेवटी एका सकाळी मीच खिळ्यावरची किल्ली काढली, कोणाला न विचारता, आणि तेव्हापासून ती माझ्या कमरेला. लोक म्हणाले, बापाची लेक शोभते खरी.

शिबिरातून बसने परत येताना मला तुझा राग आला. इतकी वर्षं गेली आणि आत्ता राग आला. सगळ्या वाड्याचं ऐकून घेणारा माणूस तू, आपण नसू तेव्हाचं एक वाक्य कोणाजवळ बोलला नाहीस. आणि आमोण्याला उतरताना लक्षात आलं, मी तरी कुठे बोलले आहे?

ती थाळीवाली मुलगी आता आपल्या बालवाडीत शिकवते. मुलं तिच्या अंगाखांद्यावर असतात. किल्ली घेशील का, असं तिला विचारलं तर कावरीबावरी झाली. "मावशे, तूं आसतना हांव कशी घेऊं?" मी म्हटलं, "हांव आसतनाच घे." काल मांडावर सगळे जमले. आता बायकाही बसतात मांडावर, हे तुला पाहायला हवं होतं. मी तुझ्या जागी उभी राहिले, सांगितलं की आजपासून ही बघेल, आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. मग रीतीप्रमाणे विचारलं, कोणाक कितें सांगपाचें आसा? थांबले. दुसऱ्यांदा विचारलं, थांबले. तिसऱ्यांदा विचारताना मी एकेकाचं तोंड न्याहाळलं. तुझं ते वाक्य मला आठवत होतं, म्हणून भीती शोधत होते. भीती नव्हती. एक म्हातारी तर पोरीकडे बघून हसत होती. सगळे मनापासून राजी होते. 'तूच राहा' असं एकानेही म्हटलं नाही.

हेच तर मला हवं होतं. शिबिरातल्या त्या मुलाला कळवलं तर तो खूश होईल. तुला कळवायला पत्ता नाही, म्हणून हा कागद उद्या चुलीत जाईल. पण जाण्याआधी तुला एवढं सांगते. मांडावर तीनदाच विचारायचं असतं, बाबा. मी चौथ्यांदा विचारलं.